गेमची मर्यादा चार दिवसांत मोडते? बिघाड नेमका कुठे आहे ते आधी शोधा

तक्रार जवळपास सगळ्या घरांत सारखीच असते. रोज पाऊण तास खेळायचं असं ठरतं आणि पहिले तीन-चार दिवस सुरळीत जातात. मग एक दिवस दहा मिनिटं वाढतात, रविवारी हिशेबच राहत नाही, आणि पुढच्या आठवड्यात फोन ओढून घेणं, रडारड, आदळआपट सगळं पुन्हा सुरू होतं. त्यावर घरोघरी दोनच उपाय होतात. एक तर नियम आणखी कडक करायचा, नाहीतर फोनला कुलूप घालणारं आणखी एखादं अ‍ॅप टाकायचं. दोन्ही थोडे दिवस चालतात आणि पुन्हा त्याच जागी मोडतात.

ही 'तीच जागा' शोधणं हे खरं काम आहे. मर्यादा एकाच वेळी सगळीकडून सुटत नाही. ती ठरावीक वेळेला, ठरावीक फोनवर, ठरावीक माणसाच्या हातून आणि बऱ्याचदा ठरावीक गेममध्येच सुटते. हे सापडेपर्यंत नियम कडक करून काही हाती लागत नाही. पुढचं सगळं मी पाच ते अकरा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. बारा-तेराच्या पुढे गणित बदलतं.

आधी आठवडाभर नुसतं बघा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असा भाग असतो. त्याच्या डॅशबोर्डवर कुठलं अ‍ॅप किती वेळ उघडं होतं ते दिवसवार दिसतं, आणि एखादं अ‍ॅप उघडून बघितलं की तासवारही कळतं. आयफोनवर हीच माहिती 'स्क्रीन टाइम'मध्ये मिळते. घरातले सगळे फोन तपासा, आजोबांचासुद्धा. सोबत एका कागदावर दोन गोष्टी लिहून ठेवा: फोन कोणी दिला, आणि परत घेताना कुठला गेम चालू होता. या आठवड्यात मुलाला काही बोलू नका, नाहीतर नोंद खोटी येते.

दुपारी साडेतीनला आई कामावर असते आणि आजीचा डोळा लागलेला असतो. रात्री जेवणं उरकल्यावर बाबा ऑफिसच्या कॉलवर असतात. शुक्रवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा मित्र येतो. 'तो दिवसभर फोनवरच असतो' असं ज्या घरात म्हणतात, तिथेही नोंद काढली की बहुतेक असे दोन-तीन कप्पेच सापडतात. बाकीच्या वेळात मूल दुसऱ्या कशात तरी रमलेलं असतं, ते आपल्या लक्षात राहत नाही इतकंच.

मर्यादा किती असावी, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची चौकट अशी आहे: २ वर्षांखाली स्क्रीन अजिबात नाही, २ ते ५ वयात मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त १ तास, आणि ५ ते १० वयात २ तासांहून कमी. हे आकडे सगळ्या स्क्रीन मिळून आहेत. टीव्हीवरचं कार्टून आणि यूट्यूब त्यातच मोजायचं. म्हणजे संध्याकाळी तासभर टीव्ही बघणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला गेमसाठी फार तर अर्धा-पाऊण तास उरतो. त्या आत आकडा तुमचा तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर रोजची पंधरा मिनिटं हा सर्वांत वाईट आकडा. तेवढ्यात कुठलाच गेम मनासारखा खेळून होत नाही आणि भांडण मात्र रोज होतं. त्यापेक्षा एक दिवसाआड चाळीस मिनिटं बरी.

फोन कोणाचा आहे?

पालकांसाठीची बहुतेक साधनं असं गृहीत धरतात की मुलाकडे त्याचा स्वतःचा फोन आहे. आपल्याकडे लहान मूल सहसा आईच्या किंवा बाबांच्या फोनवर खेळतं. तिथे गूगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनला पालकांच्या फोनवरून मर्यादा लावणारं अ‍ॅप, काहीच करू शकत नाही, कारण तो फोन मोठ्या माणसाच्या अकाउंटवर चालतो. डिजिटल वेलबीइंगमधून गेमला टायमर लावला तरी तोच फोन हातात असलेलं मूल सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढून टाकतं. सात वर्षांच्या मुलाला हे जमणार नाही अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी एकदा मागे उभं राहून बघावं.

आपलाच फोन द्यावा लागत असेल तर अँड्रॉइडमधलं 'अ‍ॅप पिनिंग' वापरा. सेटिंगच्या सुरक्षेच्या भागात ते सापडतं, कंपनीनुसार नाव थोडं वेगळं असू शकतं. ते चालू करताना 'बाहेर पडताना पिन विचारा' हा पर्यायही चालू करायचा, तो राहिला तर सगळं व्यर्थ. मग गेम उघडून पिन केला की मुलाला त्यातून बाहेर पडून व्हॉट्सअ‍ॅप किंवा यूट्यूबवर जाता येत नाही. आयफोनवर याच कामासाठी 'गाइडेड अ‍ॅक्सेस' आहे आणि त्यात वेळही लावता येते. सॅमसंगच्या फोनमध्ये 'सॅमसंग किड्स' असतं, त्यातही रोजची वेळ ठरवता येते.

पण कायमचा इलाज म्हणाल तर घरात पडून असलेला जुना फोन. त्यात सिम घालायचं नाही. फॅमिली लिंकमधून मुलाच्या नावाचं अकाउंट काढायचं, तेच एकटं त्या फोनवर ठेवायचं आणि फोन फक्त घरच्या वायफायवर चालवायचा. आपलं अकाउंट त्यावर चुकूनही ठेवायचं नाही. 'एवढ्याशा पोराला वेगळा फोन?' असा आक्षेप लगेच येतो. तो फोन मुलाचा नसतो, घराचा असतो. रात्री तो हॉलमध्येच चार्जिंगला लागतो, मुलाच्या उशाशी जात नाही. शिवाय तुमच्या फोनमधले पैसे, फोटो आणि ऑफिसचे मेल त्याच्या हातापासून लांब राहतात, आणि शाळेच्या ग्रुपवरचा अभ्यास बघायला घेतलेल्या फोनवर गेम उघडला जाण्याचा प्रश्नही सुटतो.

इथे आणखी एक बिघाड वारंवार दिसतो. मुलाचं अकाउंट आधीच कुणीतरी, बहुतेक एखाद्या दादाने, जन्मसाल १९९० टाकून काढलेलं असतं. मग फोनच्या, प्ले स्टोअरच्या आणि गेमच्याही लेखी ते मूल मोठं माणूस असतं. बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम बंदी उठून २०२३ मध्ये भारतात परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना रोज ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी अट त्याला घातली गेली. आठ वर्षांच्या मुलासाठी ३ तास ही मर्यादा म्हणायची का, हा वेगळा मुद्दा, पण वय खोटं असेल तर तीही लागू होत नाही. रोब्लॉक्स या ऑनलाइन गेममध्ये तर अनोळखी लोकांशी बोलण्याच्या सोयीही वयानुसार बदलतात. अकाउंट खऱ्या वयाचं नव्याने काढा. जुन्या अकाउंटवरची लेव्हल आणि स्किन (गेममधल्या पात्राचे पोशाख) जाणार म्हणून मूल रडेल आणि त्याचं रडणं खरं असेल. तरीही काढा. हा त्रास एकदाच होतो.

घड्याळ मिनिटांवर चालतं, गेम मॅचवर

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात आणि सगळ्यात कमी लक्ष इथेच दिलं जातं. आपण म्हणतो 'सातला बंद'. सात वाजता मूल फ्री फायर मॅक्स या लढाईच्या गेमच्या मॅचमध्ये मधोमध असतं, शेवटचे आठ जण उरलेले असतात आणि स्क्वॉडमधला, म्हणजे चौघांच्या संघातला, मित्र कानात ओरडत असतो. ऑनलाइन मॅच थांबवून ठेवता येत नाही. सोडली तर रँक घसरते आणि साथीदार तोंडघशी पडतो. त्या क्षणी फोन हिसकावला की मुलाच्या दृष्टीने आपण कॅरम संपत आलेला असताना बोर्ड उलटा केलेला असतो. ते किंचाळतं ते त्या मॅचसाठी, आपण मात्र त्याला व्यसन म्हणून मोकळे होतो.

म्हणून आधी मुलाचा गेम कसा संपतो ते समजून घ्या. फ्री फायरची मॅच साधारण दहा-पंधरा मिनिटांची. बीजीएमआयमधल्या इरांगेल नकाशावर शेवटपर्यंत टिकलं तर अर्धा तास सहज जातो, त्यातलीच टीम डेथमॅच मात्र बरीच लवकर आटोपते. ब्रॉल स्टार्स आणि क्लॅश रोयाल दोन-चार मिनिटांच्या डावांचे. कँडी क्रशमध्ये पाच जीव असतात आणि गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास लागतो, त्यामुळे तो आपोआप थांबतो, फक्त जीव विकत घेऊ द्यायचे नाहीत. सबवे सर्फर्समध्ये बाद होईपर्यंतच डाव. रोब्लॉक्स आणि माइनक्राफ्ट यांना शेवटच नसतो, म्हणून तिथे 'एवढं बांधून झालं की' हे वाक्य तासभर चालतं.

हे कळलं की मर्यादा गेमच्या भाषेत ठेवता येते. फ्री फायर असेल तर तीन मॅच. ब्रॉल स्टार्स असेल तर दहा डाव. माइनक्राफ्टमध्ये एक दिवस-रात्र २० मिनिटांची असते, तेव्हा 'दोन दिवस खेळ, तिसरा सूर्य उगवला की बंद' हे मुलाला घड्याळापेक्षा लवकर पटतं. लांब मॅचच्या गेमसाठी नियम थोडा वेगळा: वेळ संपायला पंधरा मिनिटं उरली की नवी मॅच सुरू करायची नाही, पण सुरू झालेली मॅच पूर्ण करू द्यायची. मग उरलेल्या वेळात काय करायचं? ट्रेनिंगच्या मैदानात फिरू दे, स्किन बदलू दे, काहीही.

मॅच किती झाल्या हे मोजायचं काम मुलाला द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी तीन ठोकळे टेबलावर ठेवा, एक मॅच झाली की एक ठोकळा डब्यात. सुरुवातीला लबाडी होईल, होऊ दे. मोजणं त्याच्याकडे गेलं की 'संपलं' हे आपल्याला म्हणावं लागत नाही, आणि भांडणाचं अर्धं इंधन तिथेच संपतं.

'आता पाचच मिनिटं हं' ही सूचना आपण सगळेच देतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १ ते ५ वर्षांची मुलं असलेल्या घरांचा अभ्यास केला. त्यात दोन मिनिटं आधी दिलेल्या इशाऱ्याने मुलं शांत होण्याऐवजी जास्त बिथरतात असं दिसलं. जिथे बंद करण्याची वेळ रोजच्या क्रमाचा भाग होती, किंवा व्हिडिओ वा खेळ आपणहून संपत होता, तिथे मुलं सहज उठत होती. ही मुलं खूप लहान होती आणि प्रश्न एकंदर स्क्रीनचा होता, तरी मॅचच्या शेवटाला धरून थांबवणं का लागू पडतं ते यावरून कळतं. स्वयंपाकघरातून दिलेली हाक तशीही कानावर पडत नाही. सांगायचंच असेल तर शेजारी जाऊन बसा, दोन मिनिटं गेम बघा आणि 'ही शेवटची ना?' एवढंच विचारा.

मग फॅमिली लिंकमधलं लॉक कशासाठी? ते ठरलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं पुढे लावा. मॅच अर्धवट असताना फोन लॉक झाला तर मूल नियमावर नाही, तुमच्यावर चिडतं. 'बोनस टाइम' देण्याची सोय त्यात आहे, पण ते बटण कोण दाबणार हे आधी ठरवा. मूल ज्याच्याकडे आधी धाव घेतं त्याच्याकडे ते बटण नसावं.

जिथे मोडतं, तिथेच परवानगी द्या

आठवड्याच्या नोंदीत एक जागा नक्की दिसेल, जिथे घरातलं मोठं माणूस थकलेलं, कामात किंवा एकटं असतं. दुपारच्या वेळी आजी फोन देते. त्यावर सुनेचा राग, सासूबाईंची नाराजी, 'आमच्या वेळी नव्हतं असं' वगैरे संवाद होतात, आणि दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा फोन देते. तिचे गुडघे दुखतात, नातू ऐकत नाही, आणि त्या तासाभरात तिच्या हातात दुसरं साधन नसतं. तिला नियम सांगून काय होणार?

मी अशा घरांना उलटंच सुचवते: गेमची अधिकृत वेळ संध्याकाळची काढून तिथेच ठेवा. साडेतीन ते सव्वाचार, घरातल्या जुन्या फोनवर, आजीजवळ बसून. वेळ संपली की फोन आपोआप लॉक होणार, म्हणून आजीला 'नाही' म्हणायचं काम उरत नाही. मर्यादा जिथे रोज मोडत होती तिथे आता मोडायला काही राहत नाही. आणि संध्याकाळ, जेव्हा आई-बाबा घरी असतात, ती गेममुक्त ठेवणं सोपं जातं कारण आजचा वाटा खेळून झालेला असतो. बाबांच्या रात्रीच्या कॉलचंही असंच. ती जागा रोज फुटत असेल तर तिथे दुसरं काहीतरी ठरवून टाका, आवाजी गोष्टी किंवा चित्रकलेची वही, पण 'आज बघू' असं मोघम ठेवू नका.

आपण मोघम ठेवलं की मूल ते बरोबर ओळखतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की बक्षीस कधी मिळतं, कधी नाही असं असेल तर प्राणी कळ दाबायचं सोडत नाही, बक्षीस पूर्ण बंद झालं तरी कितीतरी वेळ दाबत राहतो. गेम बनवणारे पेटीतून कधी चांगली वस्तू, कधी फुसकी वस्तू काढून हेच करतात. आणि आपण पाच वेळा 'नाही' म्हणून सहाव्यांदा वैतागून फोन देतो तेव्हा आपणही तेच करतो. मुलाने त्यातून शिकलेला धडा असा की सहा वेळा मागायचं.

नियम मोठ्यांच्या हातून फुटतो हे केवळ आपल्या घरांचं रडगाणं नाही. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांना ऑनलाइन गेमसाठी फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच वेळ दिली. खेळणाऱ्याची खरी ओळख नोंदवणं सक्तीचं केलं, टेन्सेंटसारख्या गेम कंपनीने चेहरा ओळखण्याची यंत्रणा लावली. तरी मुलं घरातल्या मोठ्यांच्या ओळखीवर काढलेली अकाउंटं वापरून खेळत राहिली. सरकारला जे जमलं नाही ते चार अंकी पिनने होईल अशी आशा धरण्यात काही हशील नाही.

खेळ संपल्यावर लगेच काय आहे, हेही ठरलेलं असू द्या. खाली खेळायला जाणं, खाणं, आजोबांबरोबर भाजी आणायला जाणं, जे मुलाला आवडतं ते. गेमनंतर थेट अभ्यास किंवा थेट झोप ठेवली तर मूल उठणार कशाला? 'आधी अभ्यास, मग गेम' हा नियमही मला फारसा आवडत नाही. त्यात अक्षर बिघडतं आणि गृहपाठ दहा मिनिटांत उरकला जातो. कमी मार्क मिळाले म्हणून आठवडाभर गेम बंद, हा तर आणखी वाईट प्रकार, कारण मग रोजच्या वेळेची शिस्त आणि शिक्षा यांची सरमिसळ होते आणि शिक्षा संपली की मर्यादाही संपते.

मे महिन्यात मुलं मामाकडे जातात आणि सगळी घडी विस्कटते. तिथे आपली चौकट लादायला जाऊ नका. मामाच्या घरी मामाचा नियम, आणि आपल्या घरी पाऊल ठेवल्यापासून आपला, एवढं निघण्याआधीच सांगून टाका. फॅमिली लिंकमध्ये वारानुसार वेगळी वेळ लावता येते, तेव्हा शाळेच्या सुट्टीसाठी वेगळं वेळापत्रक करायला काहीच अडचण नाही.

खाली जिन्यात बसलेली टोळी

सोसायटीतली चार मुलं जिन्यात बसून एकाच स्क्वॉडमध्ये खेळत असतील तर तुमच्या एकट्याच्या घरचा नियम टिकत नाही. तुमचं मूल उठलं की त्यांचा चौथा गडी कमी होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुणी घेत नाही. आठ वर्षांच्या मुलाला हा दंड फार मोठा वाटतो आणि तो खराच मोठा असतो.

इथे मुलाशी बोलून उपयोग नाही, त्या चार घरांतल्या आई-बाबांशी बोला. सगळ्यांची वेळ एकच ठरवा, सहा ते पावणेसात म्हणा, आणि पावणेसातला सगळ्यांचे फोन एकदम वर. सगळे ऐकतीलच असं नाही. पण चारांतली तीन घरं जरी तयार झाली तरी स्क्वॉडच मोडतो आणि उरलेल्या एकाला खेळायला कुणी राहत नाही. हे बोलणं थोडं अवघड जातं, 'तुमचा मुलगा बिघडवतो' असा सूर लागला की संपलं. वेळ जुळवण्यापुरतंच बोला.

गळती दुसऱ्या बाजूने

गेमला मर्यादा लावली की मूल यूट्यूबवर तोच गेम दुसरा कुणीतरी खेळताना बघायला लागतं. नोंदीत गेमचा आकडा उतरतो आणि यूट्यूबचा चढतो, म्हणून दोन्हींची बेरीज बघा. यूट्यूबमध्ये आता छोटे गेमही आहेत आणि क्रोममध्ये काहीही न टाकता खेळता येणाऱ्या गेमच्या साइट आहेत. फॅमिली लिंकमध्ये अ‍ॅपवार मर्यादा आणि दिवसाची एकूण मर्यादा दोन्ही लावता येतात, एकूण लावा. अभ्यासाचं 'दीक्षा'सारखं अ‍ॅप मात्र कायम चालू राहील असं ठेवा, नाहीतर गृहपाठाच्या वेळी फोन लॉक होतो, तुम्ही वैतागून सगळंच काढून टाकता आणि मुलाला नेमकं तेच हवं असतं.

काही फोनमध्ये 'सेकंड स्पेस' किंवा दुसऱ्या वापरकर्त्याची सोय असते. पाहुणा म्हणून फोन उघडला की आपले टायमर तिथे नसतात. ही सोय बंद करा. फॅमिली लिंकमध्ये केलेला बदल मुलाच्या फोनला इंटरनेट मिळाल्याशिवाय पोचत नाही हेही लक्षात असू द्या. 'लिमिट लावलं पण लागलंच नाही' यातल्या बऱ्याच तक्रारींचं कारण एवढंच असतं.

प्लेस्टेशनवर मुलासाठी वेगळं अकाउंट काढून रोजची वेळ लावता येते, पण वेळ संपल्यावर नुसती सूचना दाखवायची की बाहेर काढायचं, असे दोन पर्याय तिथे असतात. बहुतेक घरांत पहिलाच पर्याय तसाच चालू असतो. विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी चालतं, फक्त मुलाचं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. रोब्लॉक्समध्ये पालकाचं अकाउंट जोडून रोजची मर्यादा ठेवता येते. ती अकाउंटला लागते, फोनला नाही, म्हणून मावशीच्या टॅबवरही लागू पडते.

पासवर्ड आणि पैसे

पॅटर्न मुलाला माहीत असतो, हे धरूनच चला. काचेवर बोटांच्या रेघा दिसतात, आणि नाही दिसल्या तरी दिवसातून पन्नास वेळा त्याच्यासमोर आपण तो काढतो. पॅटर्नऐवजी सहा आकडी पिन ठेवा, तो जन्मतारखेचा नको, आणि यूपीआयचा पिन त्याहून वेगळा ठेवा. दुपारी झोपलेल्या बाबांचं बोट फोनला लावून कुलूप उघडणारी मुलं आहेत, हसू येतं पण आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये कुणाकुणाच्या बोटांचे ठसे नोंदवलेत तेही एकदा बघा. लाडाने मुलाचाही नोंदवलेला असतो.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा ठसा विचारण्याचा पर्याय आहे, तो 'प्रत्येक वेळी' वर ठेवा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत कुठल्या गेमची वर्गणी चालू आहे का ते पाहा. मुलाने डायमंड किंवा यूसी (गेममधलं विकतचं चलन) घेतलेच, तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेवर परताव्याची विनंती करा, उशीर झाला की काम अवघड होतं. 'स्वस्तात डायमंड' देणाऱ्या कुणाला पैसे किंवा ओटीपी दिला गेला असेल तर तो फसवणुकीचा मामला, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

पहिला आठवडा वाईट जाणार

नवी घडी बसवताना मूल आधीपेक्षा जास्त रडतं, जास्त मागतं, चौथ्या-पाचव्या दिवशी कळस होतो. पूर्वी सहा वेळा मागून मिळायचं, आता ते दहा वेळा मागून बघतं. उपाय फसला असं समजून बरेच जण इथेच माघार घेतात, आणि मुलाला कळतं की दहा वेळा मागायला हवं. रडू द्यावं, जवळ बसावं, वाद घालू नये. समजावण्याचं भाषण त्या वेळी अजिबात नको, ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मोठ्यांनीही त्या तासात आपला फोन बाजूला ठेवला तर बरं, नाहीतर 'तू का बघतेस मग?' या प्रश्नाला उत्तर नसतं.

दोन-तीन आठवडे सगळं नीट पाळूनही काहीच बदलत नसेल तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार नोंदवलेला आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचढ स्थान मिळणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणं, तेही सहसा वर्षभर. रोज संध्याकाळी आदळआपट करणारी बहुतेक लहान मुलं यात बसत नाहीत. पण मूल झोपेतून उठून खेळत असेल, शाळेत जायला तयार नसेल, खाणं-मित्र-मैदान सगळं सुटलं असेल, तर आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या. गेममागे दुसरंच काही दडलेलं असू शकतं, शाळेत कुणी छळत असेल, वाचता येत नसेल, लक्ष एका जागी राहत नसेल. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून याच कामासाठी 'शट' नावाचं क्लिनिक चालतं. तेवढ्या लांब जायची गरज सहसा पडत नाही. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं, आणि मुलाला न नेता आधी फक्त पालकांनी फोन केला तरी चालतो.